बाळ बरं आहे ना?

मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ताई साताऱ्याला असते, शाळेत शिकवते, आणि साडेदहाला तिच्या घरी निजानीज झालेली असते. त्यामुळे मोबाईलवर तिचं नाव बघून पोटात गोळाच आला. पण आवाज नेहमीचाच होता.

"अरे, तू सारखं काहीबाही वाचत असतोस ना, मग एक सांग. एक ठेवायचा की दोन?"

तर झालं असं की ताईच्या लग्नाला आठ वर्षं झाली. गेली दोन वर्षं पुण्यात एका ठिकाणी आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे. पहिला प्रयत्न फसला. चार एम्ब्रियो फ्रीज करून ठेवलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करायचा आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय, एक ठेवायचा की दोन ते तुम्ही दोघं ठरवून या. दाजींचं म्हणणं दोन. चान्स वाढतो, आणि जुळी झाली तर एकदाच काय ते सुटलो. आईचं म्हणणंही दोनच, ती तर जुळ्यांची स्वप्नं बघायला लागली आहे. ताईलाही मनातून दोनच हवे होते. मी "हं, हं" करत ऐकत होतो. मग ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली,

"आणि एक... अशी झालेली मुलं पुढे बरी असतात ना रे?"

खरा प्रश्न हा होता. साडेदहाला फोन त्यासाठी होता.

आता मी काही डॉक्टर नाही. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांपैकी एक आहे. पण हा विकांत याच वाचनात घालवला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ताईचा प्रश्न नवा नाही. पन्नास वर्षांपूर्वी, असं एकही मूल जगात नव्हतं तेव्हापासून, तो विचारला जातोय. त्याचं उत्तर शोधण्याचा इतिहास मला इतका आवडला की इथे लिहून काढतोय. ताईला विचारलं. "नाव घालू नकोस म्हणजे झालं," म्हणाली.

*

गोष्ट १९७१ पासून सुरू करू. इंग्लंडमध्ये केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि ओल्डहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांनी मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे पैसे मागितले. बाईच्या गर्भनलिका बंद असतील तर स्त्रीबीज बाहेर काढायचं, प्रयोगशाळेत शुक्रजंतूंशी मीलन घडवायचं आणि तयार झालेला गर्भ परत गर्भाशयात ठेवायचा, अशी ही योजना. कौन्सिलने नकार दिला. कारणं बरीच होती, पण एक महत्त्वाचं: माणसावर करण्याआधी माकडांवर करून बघा, होणारं मूल धड असेल याची खात्री काय?

त्याच वर्षी अमेरिकेत लिऑन कास यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हाच मुद्दा तत्त्व म्हणून मांडला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं. जो जन्मलाच नाही त्याची संमती घेता येत नाही. प्रयोगशाळेतल्या हाताळणीने त्याला काही इजा होईल का, हे आधी कळायचा मार्ग नाही. कळायचं असेल तर अशी मुलं जन्माला घालून बघावं लागेल. आणि तसं करणं म्हणजेच अनैतिक प्रयोग.

हे वाचून मी खरंच थबकलो. आमच्याकडे कोड लिहिला की आधी टेस्टिंगला जातो, तिथे पास झाला की मगच प्रॉडक्शनवर. इथे टेस्टिंगचं वेगळं मशीनच नाही! उंदीर, ससे, माकडं यांच्यावर कितीही करा, माणसाचं मूल साठ वर्षांचं झाल्यावर काय होईल ते माणसाचं मूल साठ वर्षांचं झाल्याशिवाय कळणार नाही. कासना चूक म्हणणं आज सोपं आहे. पण १९७१ मध्ये त्यांच्या प्रश्नाला उत्तर कोणाकडेच नव्हतं.

एडवर्ड्‌स आणि स्टेप्टो थांबले नाहीत. खाजगी देणग्यांवर काम चालू ठेवलं. त्यांच्याबरोबर तिसरी एक व्यक्ती होती, जीन पर्डी नावाची नर्स. ती पुढे प्रयोगशाळेचं सगळं बघायला लागली आणि जगातली पहिली एम्ब्रियॉलॉजिस्ट ठरली. तिचं नाव अनेक वर्षं कोणी घेत नव्हतं. १९८५ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी ती गेली. १९६९ ते १९७८ या काळात २८२ बायकांनी स्वतःला या तिघांच्या हाती सोपवलं. त्यातून बाळं जन्मली किती? दोन. फक्त दोन. उरलेल्या २८० जणींची नावं कुठे नाहीत.

त्या दोनातली पहिली लुईस ब्राऊन. आई लेस्ली, वडील जॉन, राहणार ब्रिस्टल. नोव्हेंबर १९७७ मध्ये गर्भ ठेवला गेला आणि २५ जुलै १९७८ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास ओल्डहॅमच्या हॉस्पिटलमध्ये सिझेरियन करून मुलगी झाली. वजन २ किलो ६०० ग्रॅम. बाहेर जगभरच्या पत्रकारांचा गराडा. पण आत सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच होता जो प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीबाहेर आपली आज्जी विचारते: बाळ बरं आहे ना?

बाळ बरं होतं. पण एक बाळ बरं असणं म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल साईज एक :)

आणि शंकेची शेपटी तिच्या मागे लागली ती लागलीच. आता ही मोठी होईल का? शहाणी होईल का? तिला मुलं होतील का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी तिच्या धाकट्या बहिणीने दिलं. १९८२ मध्ये झालेली नॅटली हीसुद्धा आयव्हीएफचीच, जगातली चाळिसावी. १९९९ मध्ये तिला बाळ झालं, कोणत्याही उपचाराशिवाय. २००६ मध्ये लुईसलाही मुलगा झाला, तोही आपसूक. आज लुईस पंचेचाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई आहे.

*

आता कलकत्त्याला येऊ. लुईसनंतर बरोबर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. दिवस दुर्गापूजेचे, म्हणून तिचं नाव ठेवलं दुर्गा. हे सगळं घडवून आणलं डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी, सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य या दोन सहकाऱ्यांच्या मदतीने.

इथे जरा थांबून त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. एडवर्ड्‌स-स्टेप्टो निसर्गाने महिन्याला दिलेलं एकच बीज पकडायचे. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवली. ब्रिटिश टीम पोटातून दुर्बीण घालायची, यांनी योनिमार्गाने बीजं काढली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यांनी गर्भ गोठवला आणि पुढच्या एका पाळीत, गर्भाशय तयार असताना ठेवला. गोठवलेल्या गर्भापासून जन्मलेलं मूल म्हणून जगाने नोंद केली ती १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात. ताईचे चार एम्ब्रियो आज ज्या कल्पनेवर टिकून आहेत ती कलकत्त्यातल्या एका डॉक्टरने साध्या साधनांनिशी १९७८ मध्येच वापरली होती.

मग त्यांचं काय झालं? पश्चिम बंगाल सरकारने समिती नेमली. समितीचे अध्यक्ष कोण, तर रेडिओफिजिक्सचे प्राध्यापक! समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडायचं निमंत्रण होतं, परवानगी नाकारली. १९८१ मध्ये बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. त्यात रोग वेगळा दाखवलाय, पण माणूस हाच.

पण मला या कथेत दुसरीच एक गोष्ट लागली. दुर्गाच्या आईवडिलांना लोक काय म्हणतील याची भीती होती, म्हणून त्यांनी नाव उघड होऊ दिलं नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, १९७८ चा समाज डोळ्यांपुढे आणा. पण परिणाम असा झाला की डॉक्टरांकडे दाखवायला मूल होतं आणि तरी नव्हतं. "बाळ बरं आहे का?" या प्रश्नाचं जिवंत उत्तर कलकत्त्यातल्या एका घरात शाळेचा अभ्यास करत होतं, आणि जगाच्या नोंदीत ते नव्हतंच.

*

मग आपली मुंबई. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे काम. हे रीतसर कागदोपत्री होतं, त्यामुळे 'भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून हर्षाचं नाव लागलं. २०१६ मध्ये मुंबईतच तिला मुलगा झाला, आणि बाळंतपण केलं तेही डॉ. हिंदुजांनीच. अशी वर्तुळं पूर्ण झाली की बरं वाटतं.

पण खरं मोठेपण पुढे आहे. १९९७ मध्ये आनंदकुमारांच्या हातात मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आल्या. त्यांनी त्या वाचल्या, पडताळल्या, आणि 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून जाहीर केलं की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा 'पहिला' स्वतःच्या हाताने पुसणारा माणूस मी तरी ऑफिसात अजून पाहिलेला नाही. २००३ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाला, दुर्गा म्हणजे कनुप्रिया अगरवाल, स्वतः लोकांसमोर आली. धडधाकट, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. डॉक्टर जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

आम्ही कोडमध्ये कॉमेंट्स लिहायचा कंटाळा करतो. त्या नोंदी लिहिल्या नसत्या तर?

*

इतकं झाल्यावरही ताईचा प्रश्न तिथेच आहे. लुईस, दुर्गा, हर्षा बऱ्या आहेत, छान. पण आज जगात अशी मुलं एक कोटीच्या वर आहेत. ती सगळी?

याचं उत्तर आलं ते हुशार डॉक्टरांइतकंच साध्यासुध्या सरकारी कारकुनांमुळे. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक माणसाला एक क्रमांक आहे आणि १९७३ पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद होते. नॉर्वेत जन्मनोंदीचं असंच रजिस्टर १९६७ पासून आहे. डेटाबेसवाल्यांना वेगळं सांगायला नको, प्रायमरी की असली की दोन टेबलं जोडता येतात. आयव्हीएफची यादी एकीकडे, हॉस्पिटलची यादी दुसरीकडे, क्रमांकावर क्रमांक जुळवा, आणि बघा. कास म्हणाले होते तसं आधी कळणं अशक्यच होतं. पण नंतर डोळे उघडे ठेवणं शक्य होतं, आणि काही देशांनी ते केलं.

बघितल्यावर जे दिसलं ते फार सुखाचं नव्हतं. २००२ हे वर्ष या क्षेत्राला चांगलंच जड गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, पहिल्या वर्षात लक्षात आलेले मोठे जन्मजात दोष नैसर्गिक गर्भधारणेच्या मुलांत ४.२ टक्के, तर आयव्हीएफच्या मुलांत ९ टक्के निघाले. त्याच वर्षी स्वीडनने आयव्हीएफच्या ५,६८० मुलांचा हिशोब मांडला, तर सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण इतर मुलांच्या ३.७ पट. आकडे तसे कोणाचीही झोप उडवणारे.

पण स्वीडिश डॉक्टरांनी पुढचं वाक्यही लिहिलं होतं, आणि ताईसाठी तेच महत्त्वाचं आहे. हा त्रास मुख्यतः जुळ्यांमुळे, कमी वजनामुळे आणि दिवस भरण्याआधी जन्मल्यामुळे आहे. म्हणजे काचेच्या नळीपेक्षा जास्त गुन्हेगार होती ती 'चान्स वाढवू' म्हणून एकदम दोन-तीन-चार गर्भ ठेवण्याची पद्धत. एक मूल असेल तर साधारण दहात एक बाळ वेळेआधी येतं. जुळ्यांत निम्म्याहून जास्त. अपुऱ्या दिवसांचं मूल म्हणजे कच्ची फुप्फुसं, मेंदूत रक्तस्रावाची भीती, काचेच्या पेटीतले आठवडे. या पद्धतीचं टोक २००९ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. एका बाईच्या गर्भाशयात बारा गर्भ ठेवले, आठ बाळं जन्मली, आणि दोन वर्षांनी त्या डॉक्टरचं लायसन्स गेलं.

स्वीडनने २००३ मध्ये नियमच केला. सर्वसाधारणपणे एका वेळी एकच. मग चान्स कमी होणार नाही का? दाजींचा प्रश्न. त्याचं उत्तर २००४ मध्ये आलं, आणि ते इतकं नेमकं आहे की मी कागदावर लिहून ताईला फोटो पाठवला.

छत्तीस वर्षांखालच्या, निदान दोन चांगले गर्भ असलेल्या ६६१ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. पहिल्या गटात एकदम दोन गर्भ. दुसऱ्या गटात आधी एक, आणि तो रुजला नाही तर नंतर गोठवलेला दुसरा. म्हणजे दोन्हीकडे गर्भ दोनच, फरक फक्त एकदम की एकामागून एक. निदान एक जिवंत बाळ घरी आलं त्याचं प्रमाण पहिल्या गटात ४२.९ टक्के, दुसऱ्यात ३८.८ टक्के. आणि त्या बाळंतपणांत जुळी-तिळी किती? पहिल्या गटात ३३.१ टक्के. दुसऱ्यात ०.८ टक्के.

पुन्हा वाचा. चान्समध्ये चार टक्क्यांचा फरक, आणि जुळ्यांची जोखीम तीनातल्या एकावरून शंभरात एकाच्याही खाली. पुढे स्वीडनमध्ये आयव्हीएफच्या जुळ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. ब्रिटनमध्ये २००८ ला चारातलं जवळपास एक बाळंतपण जुळ्यांचं होतं, २०१९ ला ते सहा टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. फक्त 'दोन'ऐवजी 'एक'. या सगळ्या इतिहासात मुलांच्या तब्येतीसाठी झालेली सगळ्यात मोठी सुधारणा कोणती, तर माझ्या मते ही.

*

बरं, एकेकटी जन्मलेली मुलं? त्यांच्यातही थोडा फरक दिसतोच. वजन जरा कमी, दिवस जरा आधी. यावर नॉर्वेने २००८ मध्ये एक सुंदर प्रश्न विचारला. हा दोष तंत्राचा की आईबापांचा? ज्यांना मूल व्हायला अडचण येते त्यांचं वय जास्त असतं, काहींना इतर आजार असतात. मग तुलना करायची तरी कशाशी? त्यांनी २,५४६ अशा आया शोधल्या ज्यांचं एक मूल आपसूक झालं होतं आणि एक उपचारांनी. आई तीच, घर तेच, रजिस्टर तेच. आणि काय, भावंडांची एकमेकांशी तुलना केल्यावर बहुतेक फरक विरून गेला.

ऑस्ट्रेलियातही असंच. २०१२ च्या मोठ्या अभ्यासात आईचं वय वगैरे हिशोबात घेतल्यावर साध्या आयव्हीएफमधली दोषांची वाढ जवळजवळ नाहीशी झाली. पण इक्सीमधली राहिली. इक्सी म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने थेट बीजात सोडणं. ब्रसेल्समध्ये याचं पहिलं मूल १९९२ मध्ये झालं. ज्या पुरुषांना कधीच बाप होता आलं नसतं त्यांना बाप करणारं हे तंत्र, आणि तितकंच धाडसी, कारण निसर्गाची चाळणी त्यात बाजूला सारली जाते. श्रेय द्यायला हवं ते हे की ब्रसेल्सवाल्यांनी आपल्या मुलांचा पिच्छा सोडला नाही. २०१६ मध्ये, ती मुलं अठरा ते बावीस वर्षांची झाल्यावर, ५४ तरुणांची तपासणी केली. शुक्रजंतूंचं प्रमाण इतरांच्या निम्म्याच्या आसपास निघालं. बापाची अडचण काही अंशी मुलाकडे आली. बापाच्या नाकाबरोबर बापाचा प्रॉब्लेमही येऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. पण तो मुलाला माहीत असलेला बरा.

आता उरलेलं भराभर सांगतो, कारण आकड्यांनी तुम्हीही दमला असाल.

जनुकांवरच्या 'चालू-बंद' खुणा सुरुवातीच्या दिवसांतच पक्क्या होतात, आणि तेव्हा गर्भ प्रयोगशाळेत असतो. २००३ च्या सुमारास लक्षात आलं की बेकविथ-वीडमन नावाचा एक आजार या मुलांत काही पटींनी जास्त दिसतो. पण मुळात तो दहा-पंधरा हजारांत एक. काही पट केला तरी हजारो मुलांत एखादंच. रक्तदाबाबद्दल स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये घंटा वाजवली. तिथे आयव्हीएफच्या ५२ किशोरांपैकी आठ जणांचा रक्तदाब जास्त, बाकीच्या ४३ पैकी एकाचा. पण २०२३ मध्ये युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलियातल्या पस्तीस हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र केल्यावर रक्तदाबात तसा फरक सापडला नाही. कॅन्सरबद्दल ब्रिटनने २०१३ मध्ये १,०६,०१३ मुलांचा हिशोब दिला. अपेक्षित १०९.७, प्रत्यक्षात १०८. २०२२ मध्ये उत्तर युरोपातल्या अभ्यासात गोठवलेल्या गर्भाच्या मुलांत प्रमाण काहीसं जास्त दिसलं, पण सुमारे २२ हजार मुलांत ४८. दुर्लक्ष करू नये, घाबरूनही जाऊ नये, असा हा आकडा. शिवाय गोठवलेल्या गर्भाची बाळं वजनाने जरा भरदार असतात आणि त्या आयांना गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास जास्त होतो. हे मात्र ताईने डायरीत लिहून ठेवायला हवं.

*

आता जरा मनातलं.

वरच्या यादीत देश मोजा. स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम. दुर्गाचा देश, हर्षाचा देश त्यात नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली आयव्हीएफच्या पाट्या आहेत. २०२१ मध्ये कायदा आला, त्यात उपचार घेणाऱ्यांची वयं ठरली (बाईसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५), राष्ट्रीय नोंदणीची तरतूदही झाली. चांगलंच आहे. पण मूल वीस वर्षांचं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं तर आधी घरच्यांनी कबूल करायला हवं की ते तसं झालंय. इथे गाडी अडते. ताईने अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही. पुण्याला 'ट्रेनिंगला' जाते ती. लुईस ब्राऊनच्या आईबापांनी अख्ख्या जगासमोर मूल आणलं, त्याचा त्यांना त्रासही झाला, पण निदान ते मूल मोजलं गेलं.

कास यांच्या प्रश्नाला आता मला उत्तर सुचतं. आधी खात्री देता येत नाही हे खरं. म्हणून करूच नये, असं नाही. पण केलंत तर नंतर नजर हटवू नका. आणि नजर ठेवायची तर लपवाछपवी चालत नाही. जे लपवलं ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं नाही ते सुधारत नाही. हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी पटायला हवं.

रविवारी संध्याकाळी ताईला फोन केला. हे सगळं सांगितलं, अर्थात इतक्या पाल्हाळाने नाही. दाजींनी फोन घेतला.

"म्हणजे एक नाही रुजला तर परत पैसे?"

म्हटलं, "हो दाजी. पण जुळी सातव्या-आठव्या महिन्यात आली तर पेटीचा एका महिन्याचा खर्च एकदा विचारून बघा."

ते गप्प झाले. त्यांच्या चुलतभावाची जुळी चाळीस दिवस पेटीत होती, त्यातलं एकच घरी आलं. मला ते आठवत नव्हतं. त्यांना आठवलं.

मग ताईने फोन परत घेतला. "आणि बरी असतात ना? ते नाही सांगितलंस."

मी म्हटलं, "बहुतेक सगळी बरी असतात, ताई. एकेक असली तर आणखी बरी. तुझं बीपी मात्र बघत राहा. आणि बाळाच्या डॉक्टरांना काही लपवू नकोस."

"एकच ठेवू मग," ती म्हणाली. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाली, "आईला तूच सांग, जुळ्यांचं स्वप्न बंद म्हणून. सासूबाईंना मी सांगते. कधीतरी सांगायचंच आहे."

पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. या वेळी ट्रेनिंग नाही म्हणाली.